रस्त्यावरची तोंडी नियमावली

मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोघांचा जीव घेतला. अल्पवयीन आरोपीला काही तासांत जामीन मिळाला आणि त्यातल्या एका अटीवर सगळ्या राज्याचा संताप एकवटला: अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिणे. संताप रास्त होता, विनोदही भरपूर झाले, आदेश पुढे फिरवला गेला. खटल्याविषयी इथे काही म्हणायचे नाही. पण त्याच आदेशात आणखी एक अट होती. मुलाने आरटीओत जाऊन वाहतुकीच्या नियमांचा अभ्यास करावा आणि त्यावर बाल न्याय मंडळापुढे सादरीकरण करावे. निबंधाच्या गदारोळात ही अट फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. भरली असती तर एक अडचणीचा प्रश्न निघाला असता. निबंधाला हसणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी हा अभ्यास कधी केला आहे? लायसन्स खिशात असलेल्या किती जणांना नियमावलीचे नाव तरी सांगता येईल?

मोठ्या अपघातानंतरची आपली चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. एक बाजू म्हणते, आपल्या लोकांना शिस्तच नाही. सिंगापूरला उतरले की हीच माणसे कशी सरळ चालतात बघा. दुसरी म्हणते, आधी खड्डे बुजवा, सिग्नल चालू ठेवा, मग आम्हाला शिकवा. अलीकडे तिसरे भांडणही वाढले आहे. मोटारवाल्यांच्या मते सायकलवाले कुठूनही घुसतात आणि सायकलवाल्यांच्या मते मोटारवाले माजले आहेत. तिन्ही भांडणांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: नियम सगळ्यांना माहीत आहेत, प्रश्न फक्त ते पाळण्याचा, म्हणजे इच्छेचा आहे. मला हे गृहीतकच चुकीचे वाटते. आपल्या रस्त्यांवर एक तोंडी नियमावली आहे, ती जवळजवळ सगळ्यांना पाठ आहे आणि ती फार इमानाने पाळली जाते. छापील नियमावली मात्र आपण लोकांच्या हातात कधी नीट दिलीच नाही. ती दिल्याशिवाय, तिची खरी परीक्षा घेतल्याशिवाय आणि मोटारवाला व सायकलवाला दोघांनाही एकच गोष्ट माहीत असल्याशिवाय दंड आणि भाषणे यांतून फार काही निघणार नाही.

तोंडी नियमावली कुणी लिहिलेली नसली तरी तिची कलमे सांगता येतात. पहिले कलम, मोठ्याचा मान. डंपरला मोटार वाट देते, मोटारीला दुचाकी, दुचाकीला सायकल, आणि पायी चालणाऱ्याने आपले आपण बघावे. दुसरे, चौकात ज्याचे नाक आधी घुसले त्याचा हक्क. तिसरे, समोरून डिपर मारला, म्हणजे पुढचे दिवे लुकलुकवले, तर त्याचा अर्थ 'मी येतोय, तू थांब'. चौथे, चौकातून सरळ जायचे असेल तर चारही इंडिकेटर लावायचे. हे कुठून आले देव जाणे, पण मोठ्या शहरांपासून तालुक्याच्या गावापर्यंत रूढ आहे. चारही दिवे लुकलुकणे म्हणजे गाडी बंद पडली आहे किंवा इथे धोका आहे, असे सांगितले की लोक चकित होतात. शिवाय आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला त्या चारपैकी एकाच बाजूचा दिवा दिसतो आणि गाडी वळणार असे त्याला वाटते, हा भाग वेगळाच. पाचवे, पुढच्या ट्रकने उजवा इंडिकेटर दिला तर तो वळणारही असेल, किंवा 'जा बाबा पुढे' असेही म्हणत असेल. कोणते ते आपण अंदाजाने ओळखायचे. ट्रकच्या पाठीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' रंगवायला महाराष्ट्राने २०१५ मध्ये मनाई केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते. तोंडी नियमावलीतले तेवढे एकच कलम लेखी होते, सरकारने नेमके तेच पुसले. बाकीची शाबूत आहेत.

ही विद्या गुरुमुखातून येते. क्लीनर उस्तादाकडून शिकतो, धाकटा थोरल्याकडून, मुलगी बाबांच्या मागे बसून. क्लच, गिअर, ब्रेक यांच्यासोबतच 'समोरचा चुकणारच, आपण सांभाळायचं' आणि 'चौकात थांबलीस तर रात्रीपर्यंत थांबशील' हेही अंगी येते. दोन्ही सल्ले शहाणपणाचे आहेत, कारण समोरचाही हीच नियमावली शिकून आलेला असतो. म्हणून 'लोकांना शिस्त नाही' हे वाक्य मला आळशीपणाचे वाटते. लाखो अनोळखी माणसे दिवसभर एकमेकांच्या इतक्या जवळून गाड्या काढतात आणि बहुतेक जण संध्याकाळी घरी पोचतात, ते काहीतरी पाळल्यावाचून कसे घडेल? दोष पाळण्यात नाही, जे पाळले जाते त्यात आहे. संकेताचे दोन अर्थ निघाले की ही नियमावली कोसळते, आणि तिचे पहिलेच कलम दुबळ्याला पणाला लावते. २०२२ मध्ये देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली १५,२२४ महाराष्ट्रात. देशभरच्या मृतांत ३२,८२५ पादचारी होते आणि ४,८३६ सायकलस्वार.

आता छापील नियमावलीकडे येऊ. ती नाही असे मुळीच नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या दहाव्या परिशिष्टात वाहन कसे चालवावे याचे नियम होते. १९८८ चा कायदा आल्यावर १९८९ मध्ये स्वतंत्र विनियम निघाले आणि जून २०१७ मध्ये त्यांची जागा मोटार वाहन चालन विनियमांनी घेतली. हा दस्तऐवज चांगला आहे, एका बैठकीत वाचून होतो. पादचारी, सायकलस्वार, मुले, वृद्ध, अपंग यांच्या सुरक्षिततेची चालकाने विशेष काळजी घ्यायची, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे, म्हणजे तोंडी नियमावलीच्या बरोबर उलट. वर्तुळाकार चौकात आत असलेल्या गाडीचा हक्क आधी, नव्याने शिरणाऱ्याने थांबायचे. हॉर्न गरजेपुरता. अग्निशमन, रुग्णवाहिका आणि पोलीस एकाच वेळी आले तर कुणाला आधी वाट द्यायची, त्याचाही क्रम आहे. हे सगळे राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत प्रसिद्ध झाले. त्या महिन्यात या नियमांवर गल्लीत, कट्ट्यावर, घरात चर्चा झालेली कुणाला आठवते?

याउलट १ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने दंड वाढवले तेव्हाची धांदल सगळ्यांना आठवते. दंडाचा तक्ता प्रत्येकाच्या फोनवर आला, महाराष्ट्राने लोकांच्या नाराजीचा अंदाज घेऊन नवे दंड डिसेंबर २०२१ पर्यंत लांबवले, आणि तोवर दारू पिऊन चालवल्यास दहा हजार हे शाळकरी पोरांनाही पाठ झाले. गंमत अशी, की त्याच दुरुस्तीने कायद्यात १७७-अ हे कलम घातले. चालन विनियम मोडल्यास किमान पाचशे आणि कमाल हजार रुपये दंड. म्हणजे न वाचलेली नियमावली मोडण्याचा दर आपल्याला माहीत, नियमावली नाही.

ती वाचायची सक्ती आयुष्यात एकदाच होऊ शकते, शिकाऊ लायसन्सच्या वेळी. तिथे केंद्रीय नियमांतला अकरावा नियम म्हणतो, साठ टक्के उत्तरे बरोबर आली की उत्तीर्ण. दहातले चार नियम ज्याला ठाऊक नाहीत त्याला आपण शिक्का मारून रस्त्यावर सोडतो. ब्रिटनमध्ये मोटारीच्या लेखी परीक्षेत ५० पैकी ४३ गुण लागतात. जून २०२१ पासून महाराष्ट्रात ही चाचणी घरबसल्या देता येते. सोय म्हणून चांगलेच आहे. परीक्षा नेमके कोण देतो, ते कुठल्याही एजंटाला खाजगीत विचारा. आणि प्रामाणिकपणे दिली तरी तयारी होते ती मुख्यतः चिन्हांची. चिन्ह ओळखता येते म्हणून वाट कुणाची हे कळते असे नाही. अरुंद घाटरस्त्यात उतरणाऱ्याने चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, हे १९८९ च्या विनियमांतही होते. एसटीच्या चालकांना ते सांगावे लागत नाही. पावसाळ्यातल्या रविवारी ताम्हिणीत किंवा वरंध घाटात सहलीला आलेल्या मोटारवाल्याला विचारून बघा.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की ज्ञान आणि आचरण यांचा संबंध नाही. लाल दिव्याला थांबायचे हे कुणाला माहीत नाही? हेल्मेट डोक्यासाठी असते, आरशावर अडकवायला नसते, हे पुण्यात कुणाला समजावून सांगायचे राहिले आहे? तरी २०१९ च्या सुरुवातीला तिथे हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरलेच. आक्षेप घेणारा आणखी पुढे जाऊन स्वीडनचे उदाहरण देऊ शकतो. ३ सप्टेंबर १९६७ ला त्या देशाने एका रात्रीत डावी बाजू सोडून उजवी धरली. १९५५ च्या सार्वमतात सुमारे ८३ टक्के लोक याच्या विरोधात होते. सरकारने घरोघरी पुस्तिका पाठवली, दुधाच्या खोक्यांवर बदलाचे चिन्ह छापले. अपघात एकदम उतरले, आणि दोनेक वर्षांत पुन्हा जुन्या पातळीवर आले. झाले की नाही पुस्तिकेचे पाणी?

पण स्वीडनची गोष्ट नीट वाचली तर ती माझ्या बाजूची आहे. दोन वर्षांत विरली ती सावधगिरी. नव्या बाजूच्या धास्तीने लोक जपून चालवत होते, धास्ती गेली तसे जपणे गेले. ज्ञान मात्र पक्के बसले. १९६९ मध्ये अपघात पूर्ववत झाले तेव्हा स्वीडिश लोक पुन्हा डाव्या बाजूने गाड्या हाकू लागले नव्हते. पिढ्यानपिढ्यांची सवय, तीही देशाला नको असताना, एका वर्षात उलटली आणि टिकली, कारण नवा नियम प्रत्येकाला माहीत होता आणि समोरच्यालाही तो माहीत आहे याची प्रत्येकाला खात्री होती. पुस्तिकेने माणूस सज्जन होत नाही, हे मान्य. समोरचा काय करणार हे कळण्यापुरती मात्र ती पुरते, आणि रस्त्यावर निम्मे काम तेवढ्यानेच होते.

लाल दिवा आणि हेल्मेट ही उदाहरणे म्हणूनच फसवी आहेत. तिथे नियम माहीत असतो आणि तो मोडण्यात सोय असते. तिथे पोलीसच हवा, कॅमेराच हवा, माझा वाद नाही. पण सिग्नल नसलेल्या चौकात काय? नियम सांगतो, मुख्य रस्त्यावरच्या गाडीला वाट द्या. दोन्ही रस्ते सारखे असतील तर उजवीकडून येणाऱ्याला द्या. आपल्या ओळखीतल्या दहा चालकांना हे विचारा. तिथे नियम मोडायचा कुणी ठरवलेला नसतो, पाळायची इच्छा असलेल्या माणसालाही काय पाळायचे ते ठाऊक नसते. आणि एकट्याला ठाऊक असून भागत नाही. उजवीकडच्याला वाट द्यायला जो थांबतो त्याच्या मागचे चार जण हॉर्न वाजवतात, उजवीकडचा गोंधळतो, तोवर डावीकडचा रिक्षावाला नाक घुसवतो. नियम पाळणारा तिथे मूर्ख ठरतो आणि पुढच्या चौकात तो मूर्खपणा करत नाही. इथे आणखी किती दंड वाढवणार?

नुसते पुस्तक छापूनही भागत नाही, याचा दाखला ब्रिटनचाच आहे. १९३० च्या कायद्याने तिथली ताशी वीस मैलांची वेगमर्यादा काढून टाकली आणि तिच्या बदल्यात लोकांच्या सुजाणपणावर विश्वास टाकला. १९३१ मध्ये एका पेनीला 'हायवे कोड' ही पुस्तिका बाजारात आली. घोडागाडी हाकणाऱ्याने चाबकाने कसा इशारा करावा, हेसुद्धा त्या पहिल्या आवृत्तीत होते. तीन वर्षांनी, १९३४ मध्ये, ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसे मेली. सुजाणपणाचा प्रयोग फसला होता. मग १९३५ मध्ये वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा आली आणि त्याच वर्षी जूनपासून नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. पुस्तिकेला खरे वाचक मिळाले ते तेव्हा. तिचे कायद्यातले स्थानही विचारात घेण्यासारखे आहे. तिचे एखादे कलम मोडणे हा आपोआप गुन्हा होत नाही, पण दोष कुणाचा हे ठरवताना न्यायालयात तिचा आधार घेता येतो. त्यामुळे वकील, विमा कंपनी, न्यायाधीश सगळे तिच्याच भाषेत भांडतात. तरीही जानेवारी २०२२ मध्ये तिच्यात मोठे बदल झाले तेव्हा तिथल्या मोटारचालकांच्या संघटनेच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश चालकांना बदलांचा पत्ताच नव्हता. नव्वद वर्षांची परंपरा असलेल्या देशात ही गत, तर आपण कुठे असू?

'आधी रस्ते नीट करा' म्हणणाऱ्यांचे बरेचसे मला मान्य आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ पासून कठडे, खुणा, गस्त, रुग्णवाहिका यांवर एकत्र काम झाले आणि मृत्यू बरेच घटले. त्यात प्रवचनांचा वाटा थोडाच असावा. पण रस्त्यावर रंगवलेली रेघ हीसुद्धा एक भाषाच आहे. सलग पांढरी रेघ ओलांडायची नाही, तुटक ओलांडता येते, थांबायची रेघ झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडे असते. अभियंत्याने ती कितीही शास्त्रशुद्ध आखली तरी वाचणाऱ्याला ती शोभेची वाटत असेल तर रंग वाया गेला. पुण्यात सातारा रस्त्यावर बीआरटीसोबत, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांसोबत, सायकलींचे मार्गही झाले. त्यांवर मोटार घालायची नाही, हा नियम १९८९ पासून लेखी आहे. तो किती दुचाकीस्वारांना माहीत आहे?

सायकलवाल्यांचा प्रश्न सर्वांत नाजूक. सायकल सहसा कुणाचा जीव घेत नाही. शिवाय या राज्यात सायकल चालवणारा नेहमीचा माणूस म्हणजे पहाटे चटकदार कपड्यांत लोणावळ्याला निघालेला हौशी नव्हे. तो बांधकामावरचा मजूर आहे, रात्रपाळीचा वॉचमन आहे, पेपर टाकणारा पोरगा आहे, आणि गावाकडे शाळेत जाणारी मुलगी आहे. त्याच्यावर परीक्षा, लायसन्स, दंड लादणे हा अन्याय होईल, आणि तसे कुणी सुचवले तर मी विरोधच करीन. पण नियम माहीत असणे हे त्याच्यावरचे ओझे आहे की त्याच्या हातातले हत्यार? गावोगावी पोरांना वडीलधारे सांगतात, उजव्या कडेने जा, समोरची गाडी दिसते. पायी चालणाऱ्याला फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर हा सल्ला योग्य आहे. सायकलला तो घातक आहे. गल्लीतून डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागणारा मोटारवाला उजवीकडे पाहतो, कारण गाड्या तिकडून येणार. डावीकडून उलट्या दिशेने येणारी सायकल त्याच्या नजरेच्या हिशेबातच नसते. शिवाय समोरासमोर दोन्ही वेग एकत्र होतात. तसेच डावीकडे वळणाऱ्या ट्रकचे किंवा बसचे. पुढच्या डाव्या चाकापाशी उभी असलेली सायकल उंच केबिनमधल्या चालकाला दिसतच नाही, आणि वळताना मागची चाके पुढच्यांपेक्षा आतून जातात. ट्रकच्या डाव्या कुशीत थांबू नये, हे एक वाक्य किती सायकलस्वारांना कुणी सांगितले असेल? साखर हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या रस्त्यांवर अंधारात उसाच्या ट्रॉलीमागे जाणाऱ्याला किती अंतर ठेवायचे ते कोण सांगतो?

आणि सायकलवाल्याला नियम नकोसे असतात, हे इतिहासाला धरून नाही. पुणे सायकलींचे शहर होते तेव्हा सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा लागे, डबलसीट पकडले की पोलीस चाकाची हवा सोडत. त्यातले बरेच जाचक होते आणि गेले ते बरे झाले. पण तेव्हा शाळकरी मुलालाही माहीत असे, की दिवेलागणीनंतर दिव्याशिवाय सायकल काढायची नाही. स्कूटर-मोटारसायकली आल्या, सायकल मागे पडली, तिच्याबरोबर तिचे नियमही लोकांच्या डोक्यातून गेले. आता सायकल परत येते आहे आणि तिच्यासोबत अडीचशे वॉटच्या आतल्या, ताशी पंचवीस किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या बॅटरीवरच्या दुचाक्या, ज्यांना लायसन्स लागतच नाही. दिवसभर जेवणाचे डबे आणि किराणा पोचवणारी कितीतरी मुले त्यांवर असतात. मोटार वाहन कायदा मोटारींपुरता, त्यामुळे सायकलस्वाराला आपल्या विनियमांत जागा आहे ती मुख्यतः ज्याला जपायचे तो म्हणून. त्याने स्वतः काय करावे, याचे पान मुख्यतः कोरेच. ब्रिटनच्या पुस्तिकेत पादचारी, सायकलस्वार, घोडेस्वार यांना आपापली प्रकरणे आहेत.

इथे एक भीती रास्त आहे. नियमावली सायकलस्वाराच्या आणि पादचाऱ्याच्या हातात दिली, की उद्या अपघातानंतर तीच त्यांच्यावर उगारली जाईल. दिवा नव्हता ना, मग नुकसानभरपाई कापा. असे होऊ शकते. पण आज काय होते? नियम कुणालाच माहीत नसले की निवाडा तोंडी नियमावलीने होतो, आणि तिथे 'हा मध्येच कुठून आला' एवढ्यावर दुबळ्याचा दोष सिद्ध होतो. ब्रिटनने २०२२ मध्ये पुस्तिकेत जी उतरंड घातली ती या भीतीचे उत्तर आहे: जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त, ट्रकची सर्वाधिक, मग मोटारीची, सायकलस्वाराची पादचाऱ्यापेक्षा अधिक. हे तत्त्व आपल्या २०१७ च्या विनियमांत बीजरूपाने आहेच. ते फक्त डंपरच्या चालकालाही माहीत नाही आणि झेब्रा पट्ट्यांवर उभ्या असलेल्या आजींनाही नाही. आजींना माहीत झाले तर त्या निदान हात वर करून अधिकाराने पाऊल टाकतील.

नियम माहीत असलेला तिसरा माणूस काय करू शकतो, हे आपण राजकारणात पाहिले आहे. निवडणुकीची आदर्श आचारसंहिता केरळात १९६० मध्ये सुरू झाली. तिला कायद्याचे बळ तेव्हाही नव्हते, आजही नाही. तीस वर्षे ती कागदावर होती आणि मंत्री सरकारी गाड्यांतून प्रचार करत होते. डिसेंबर १९९० मध्ये टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांचा धाक मोठा होताच, पण धाकापेक्षा टिकाऊ काम दुसरे झाले. आचारसंहिता म्हणजे काय हे विरोधी उमेदवाराला, बातमीदाराला आणि पारावरच्या मतदाराला कळले. आज गावातला माणूस 'आचारसंहिता लागलीय, आता रस्त्याचं उद्घाटन होणार नाही' असे सहज सांगतो. शेषन १९९६ मध्ये पदावरून गेले, संहिता राहिली, कारण मोडणाऱ्याला हटकणारे हजारो तयार झाले होते. ती आजही मोडली जाते. पण मोडणारा चोरून मोडतो, आणि पकडला गेला की खुलासा देतो.

निरक्षर चालक पुस्तक कसे वाचणार, असेही विचारले जाते. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता जेमतेम अठरा टक्के होती. त्याच दशकात, १ एप्रिल १९५७ ला, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला. तक्ते छापले गेले, दुकानांत टांगले गेले, आणि ज्यांना ते वाचता येत नव्हते त्यांनी वाचणाऱ्यांकडून समजून घेतले. भाजीवाली आणि गिऱ्हाईक दोघांनाही हिशेब माहीत असण्यात स्वार्थ होता, त्यामुळे दोघे एकमेकांचे शिक्षक झाले. आजचा ट्रकचालक फोनवर तासन् तास व्हिडिओ पाहतो. त्याला सांगण्याचे साधन नाही, हे कुणी म्हणू नये.

मग काय करावे? दरवर्षी जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात गुलाब वाटणे थांबवले तरी चालेल. चौकातला हवालदार बिचारा फुले घेऊन उभा राहतो आणि ज्याला फूल मिळते त्याला आपण कोणता नियम मोडला ते कळत नाहीच. त्याऐवजी २०१७ चे विनियम बोलीच्या जवळ जाणाऱ्या मराठीत, चित्रांसह, चाळीस पानांत यावेत, आणि सायकलस्वार व पादचारी यांचे प्रकरण त्यांत नव्याने लिहावे. शिकाऊ लायसन्सला साठ टक्के हा आकडा लाजिरवाणा आहे. तो बदलणे केंद्राच्या हातात आहे, आणि वाट कुणाची, या प्रश्नांत एकही चूक चालू नये. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, त्या प्रत्येक सायकलीच्या हँडलला चार पानांची पुस्तिका बांधलेली असावी. शाळांमध्ये आरएसपी, म्हणजे मुलांचे रस्ता सुरक्षा पथक, अजून आहे, पण त्या मुलांना पट्टा लावून पाहुण्यांच्या स्वागताला उभे करण्यात वर्ष जाते. त्यांनाच गावातल्या चौकात घेऊन गेले आणि कुणाची वाट आधी हे त्यांच्याकडून वदवून घेतले तर ती घरी जाऊन बाबांना टोकतील. आणि ई-चलन. मोटारवाल्याच्या फोनवर दंडाचा संदेश येतो तेव्हा त्याचे लक्ष रकमेवर जाते, तेवढ्यापुरती शिवी हासडून तो पैसे भरतो किंवा लोकअदालतीतल्या सवलतीची वाट बघतो. त्याच संदेशात मोडलेला नियम दोन ओळींच्या साध्या मराठीत पाठवता येईल. त्याला कायदादुरुस्ती लागत नाही, निधी लागत नाही, केंद्राची परवानगीही लागत नाही.